मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

३१ जानेवारी

पोहोचले एकदाची! धुक्यामुळे गाडी इतकी रखडली की डब्यातल्या सगळ्या बायकांशी ओळख झाली, आणि उतरताना एकीने मला पराठेच बांधून दिले. लखनऊ स्टेशनवरून जानकीपुरम विस्तारापर्यंत येताना ई-रिक्षावाल्या भैयाने विचारलं, मैडम कहाँ से पधारी हैं? पधारी! आमच्या रिसोड तालुक्यात मी आजवर नुसती येत होते.

उत्तरायण मराठी मंडळाची इमारत पिवळी, दुमजली आहे. खाली सभागृह आणि स्वयंपाकघर, वर भाड्याच्या खोल्या, त्यातली जिन्याजवळची माझी. खोलीत टेबल आहे, आणि ते माझ्या एकटीचं आहे. घरी मी पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून बी.ए. केलं. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. बाबांना अजून सही येत नाही, आईला येते, पण ती फक्त नावच काढते, तेही मीच शिकवलेलं.

काम सोपं वाटतं. मंडळाच्या घटनेत लिहिलंय की सभेचं इतिवृत्त मराठीतच ठेवायचं. पण इथल्या मुलांना मराठी समजतं आणि ती उत्तर हिंदीत देतात. लिहा म्हटलं की पळतात. म्हणून मंडळाने जाहिरात दिली आणि मला नेमलं. सध्या तात्पुरती, काम पटलं तर कायम.

आईला फोन केला. तिने विचारलं, लोक कसे आहेत. मी म्हटलं, आपलेच आहेत, मराठी.

२ फेब्रुवारी

आज पहिली सभा झाली. अध्यक्ष भास्करराव बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं मऊ, ओरडत कधीच नाहीत. सचिव मालिनीबाई सगळा कारभार बघतात. हरिहरजी प्रत्येक विषयाला 'हाँ हाँ, मंजूर' म्हणतात आणि मग विचारतात, विषय कोणता होता. आणि श्रीरंगकाका. ते वरच कोपऱ्यातल्या खोलीत राहतात. एकटेच आहेत, मुलगा कानपूरला. सभेआधी त्यांनी माझ्या हातावर पेरू ठेवला आणि म्हणाले, खा पोरी, सभेत पोट बोलायला लागलं तर तेही लिहावं लागेल.

इतिवृत्त लिहायला मी आईच्या बचत गटात शिकले. तिथे प्रत्येक बाईचं वाक्य तिच्या नावाने लिहायचे आणि लगेच वाचून दाखवायचे, कारण बायकांना वाचता येत नव्हतं. न आलेल्या बाईचं नावही कारणासकट लिहायचं. तसंच इथे लिहिलं.

सभा संपल्यावर मालिनीबाईंनी पानं मागितली आणि हसल्या. म्हणाल्या, अहो, ही कादंबरी झाली. कोण काय बोललं ते नको. विषय, निर्णय, काम कोणी करायचं, कधीपर्यंत, बस. गैरहजर लोकांची यादी तर मुळीच नको, उगीच वाद होतात. उपस्थितीत शेवटी मी माझं नाव लिहिलं होतं, लेखनिक म्हणून. त्यावर त्यांनी काट मारली. लेखनिक लिहायला बसते, ती हजर कुठे असते? आणि हो, 'पाहून रायली' असलं वऱ्हाडी काही लिहू नका हं.

सगळे हसले. मीही हसले. पटण्यासारखंच होतं, नेटकं इतिवृत्त असंच असतं. फक्त मला सवय नाही.

९ फेब्रुवारी

मालिनीबाई माझी खोली बघायला आल्या. माझं आडनाव घेऊन, इंगोले म्हणजे कोणते, असं त्यांनी विचारलं आणि माझ्या उत्तराआधी टेबलावरच्या बुद्धाच्या मूर्तीकडे बघितलं. अच्छा, म्हणाल्या. एवढंच. पण संध्याकाळच्या चहाला माझा कप वेगळा होता. स्टीलचा. बाकीच्यांचे काचेचे.

मी तोच कप उचलला. काम पक्कं व्हायचंय.

काकांनी ते बघितलं. त्यांनी सरळ माझ्या हातातला स्टीलचा कप घेतला, आपला काचेचा मला दिला, आणि चहा ढोसला. मालिनीबाईंचं तोंड बघण्यासारखं होतं.

नंतर जिन्यात भेटून काका म्हणाले की तुझ्याआधीही एक मुलगी होती, पूर्वा. जळगावकडची, भरीत करायची. मी विचारलं, ती कुठे गेली.  काका कपाळाला हात लावून म्हणाले, तेच तर मला आठवत नाही. आणि इथे कोणालाच ती आठवत नाही. स्वयंपाकघरातल्या भैयाला विचारलं तर तो म्हणतो, बाबूजी, आप सपना देखे होंगे.

१६ फेब्रुवारी

दुसरी सभा. सुरुवातीला मी मागचं इतिवृत्त वाचलं, भास्कररावांनी विचारलं, कुणाची दुरुस्ती? नाही. मग त्यांनी खाली सही केली. याला 'कायम करणे' म्हणतात. सही होईपर्यंत त्यात चूक दुरुस्त करता येते, नंतर नाही.

भास्कररावांनी मला मुद्दाम सांगितलं की मंडळ स्थापन झाल्यापासून एकही ठराव बहुमताने झालेला नाही. सगळे एकमताने. वेगळं मत नोंदवावं लागलं असं एकदाही घडलेलं नाही. ही आपली कमाई आहे, म्हणाले, ती तुमच्या हातात दिली आहे.

शेवटी काकांनी विचारलं की मागची लेखनिक पूर्वा हिच्या घरी मंडळाने कधी कळवलं का. भास्करराव म्हणाले, विषयपत्रिकेवर नाही. काका म्हणाले, मग घ्या पत्रिकेवर.  हरिहरजींनी सवयीने 'हाँ हाँ, मंजूर' म्हटलं आणि मालिनीबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते खोकायला लागले.

मी काकांचा प्रश्न लिहिला होता. मालिनीबाईंनी काढायला लावला. काढला.

२ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

काकांनी पुन्हा पूर्वाचं विचारलं. या वेळी उभं राहून. म्हणाले, उत्तर मिळेपर्यंत मी कुठल्याच ठरावाला मंजूर म्हणणार नाही, लिहा माझा विरोध.

भास्करराव रागावले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि मऊ आवाजात सांगितलं, घ्या लिहून. ठराव. श्रीरंग यांची यापुढे मंडळाने कोणतीही नोंद घेऊ नये. कुणाची हरकत?

काका हसले. मेरी है, म्हणाले, और किसकी होगी! भास्कररावांनी त्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत पुन्हा विचारलं, हरकत? ज्याची नोंद नाही त्याचं मत मोजत नाहीत, असं मालिनीबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, एखाद्या मुलीला भाजणीचं प्रमाण सांगावं तसं. एकमताने मंजूर.

मी लिहिलं. शब्दाला शब्द. मग त्यांनी उपस्थितीतूनही काकांचं नाव काढायला सांगितलं. मी म्हटलं, सभा सुरू झाली तेव्हा ते होते ना. मालिनीबाई म्हणाल्या, तुम्हाला कायम व्हायचंय ना? पान नव्याने लिहिलं.

३ मार्च

जेवायला काकांचं ताट मांडलं नव्हतं. ते नेहमीच्या जागी येऊन बसले. भैया पोळ्या वाढत आला आणि त्यांच्यापुढून तसाच गेला. पंगतीत कोणी मान वर केली नाही.

हे माझ्या ओळखीचं आहे. बाबांच्या लहानपणी गावाने आमच्या वस्तीचं दळण बंद केलं होतं. आजी जात्यावर दळायची, हाताला फोड यायचे. बाबा सांगतात, गिरणीवाला आम्हाला बघून मान फिरवायचा. म्हणून मी माझं ताट उचललं, काकांपुढे ठेवलं आणि दुसरं मागितलं. मालिनीबाई म्हणाल्या, अहो, भूक वाढली वाटतं लखनऊची हवा लागून! सगळे मनापासून हसले. त्यांच्या हसण्यात टोमणा होता, पण काकांबद्दल नव्हता. माझ्याबद्दलच होता.

गिरणीवाला मान फिरवायचा. इथे कोणी मान फिरवली नाही. तेच मनातून जात नाही.

६ मार्च

काकांना घेऊन चौकात, इथल्या जुन्या बाजारात, गेले. म्हटलं, दोन घटका बाहेर पडतील, बाहेरच्या माणसांशी बोलतील. आपल्याला चिकनकारीचे कुर्ते बघायचे आहेत असं खोटंच सांगितलं. ते खूश होते. थंडीतल्या मक्खन मलाईचे दिवस संपत आले, आजच खाऊन घे, म्हणाले.

येताना ई-रिक्षात ते माझ्या शेजारी बसले होते. डालीगंजला एक बुरखेवाली बाई चढली, हातात भाजीची पिशवी. ती सरळ काकांच्या जागेवर बसली. जागा शोधत, अंग चोरत नव्हे, रिकाम्या जागेवर बसतात तशी. काका कसेबसे बाजूला सरकून खाली उतरले. मी ओरडले, दिखता नहीं क्या, बुज़ुर्ग बैठे हैं! बाईने घाबरून माझ्याकडे बघितलं, मग रिक्षावाल्या भैयाकडे. तो आरशातून म्हणाला, मैडम, तबीयत तो ठीक है?

त्या बाईला मंडळ माहीत नाही. तिला ठराव माहीत नाही.

९ मार्च

काकांच्या मोबाइलवरून मुलाचा नंबर घेतला आणि माझ्या फोनवरून लावला. अभय त्याचं नाव. मी सांगितलं, तुमच्या वडिलांना घेऊन जा, इथे त्यांचे हाल आहेत. तो हिंदीतच म्हणाला, किसके पिताजी? मी नाव सांगितलं.  मागे कुकरची शिट्टी झाली. मग फार हळू म्हणाला, नाम तो... एक मिनट. त्याच्या बायकोने विचारलं, कौन है. तो म्हणाला, पता नहीं यार, राँग नंबर. ठेवला.

खोटं बोलणारा माणूस असा थांबत नाही.

काकांना सांगितलं, लागला नाही.

१४ मार्च

होळी. गल्लीतली पोरं अंगणात घुसली, पिचकाऱ्या, बादल्या, गुलाल. कोणाला सोडलं नाही. भास्कररावांची टोपी हिरवी झाली, मला मागून भिजवलं.

काका भिंतीला टेकून उभे होते, पांढऱ्या कुर्त्यात. मुद्दाम पांढरा घातला होता. पोरं त्यांच्या दिशेने बादली फेकत होती, भिंतीवर रंग उडत होता.

गर्दी पांगल्यावर बघितलं. कुर्ता पांढरा. कोरडा. आणि मागची भिंत सगळी लाल, जिथे ते टेकले होते तिथेही. मध्ये माणसाएवढी जागा सुटायला हवी होती.

काकांनीही भिंत बघितली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, पोरी, मी इथे आहे ना गं?

हो म्हटलं. मोठ्याने म्हटलं. काकांकडे कोणी वळून बघितलं नाही. माझ्याकडेही थोडं उशिरा बघितलं.

१५ मार्च

विचार करून झाला. उद्या सभा. २ मार्चचं इतिवृत्त अजून कायम झालेलं नाही. सही व्हायची आहे, म्हणजे दुरुस्ती करता येते. उपस्थितीत काका होते, ते मी काढले, हे मी सांगणार. त्यांनी विरोध केला होता, ठराव एकमताने नव्हता, हेही सांगणार. इथे ठराव एकमतानेच होतात, मग तो ठरावच उभा राहत नाही.

नोकरी जाईल. जाऊ दे. आईला नंतर सांगेन.

काकांना समजावलं की मी नाव पुकारलं की हजर म्हणायचं. ते हो म्हणाले. मग विचारलं, कोणाचं नाव?

त्यांच्याकडून त्यांचं नाव पाठ करून घेतलं. आईला शिकवलं होतं तसं.

१६ मार्च

उपस्थिती घेताना मी पुकारलं, श्रीरंग.  काका समोरच बसले होते. त्यांनी मागे वळून बघितलं, दाराकडे, कोण येतंय म्हणून.

मग मी इतिवृत्त वाचलं. भास्कररावांनी विचारलं, दुरुस्ती? मी उभी राहिले. सगळं म्हटलं, ठरवलं होतं तसं, एक शब्द न गाळता.

भास्कररावांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, दुरुस्ती जो त्या सभेला हजर होता तोच सुचवू शकतो. वाचा बरं, कोण कोण हजर होतं.

वाचलं.

म्हणाले, पुन्हा वाचा.

माझं नाव नव्हतं. त्याच्या आधीच्या सभेतही नव्हतं. पहिल्या सभेत होतं, त्यावर काट होती, आणि खाली त्यांची सही. मी कधीच नव्हते. माझ्याबद्दल ठराव करायची गरजही नव्हती.

मग भास्कररावांनी हरिहरजींना विचारलं, आत्ता कोण बोललं? हरिहरजी नेहमीसारखे हसले. हसताहसता माझ्याकडे बघितलं आणि त्यांचं हसू थांबलं. डोळे बारीक करून ते माझ्या खुर्चीकडे बघत राहिले. कौन? म्हणाले. कहाँ?

मालिनीबाई म्हणाल्या, वारा असेल. खिडकी लावा.

त्यांनी सही केली.

१७ मार्च

सकाळी मालिनीबाई आल्या, मी पलंगावर होते. खोलीभर बघितलं. भैयाला म्हणाल्या, ही रिकामीच आहे तर कुलूप लावून टाक, नवी मुलगी येईपर्यंत. मी ओरडले. मी भैयाचा हात धरला. त्याने डास बसल्यासारखा झटकला. कुलूप लागलं.

काकांनी किल्ली आणून उघडलं. खालच्या खिळ्यावरून घेतली म्हणाले. त्यांना मी दिसते. अजून दिसते. विचारलं, तू कोणाची गं?

चहा नाही. कपही नाही, स्टीलचाही.

१८ मार्च

स्टेशनला जायला निघाले. रस्त्यावर एक गाडी थांबलीच नाही — मी मध्ये उभी होते — कडेला उडी मारली म्हणून —

परत आले. दुसरीकडे कुठे जाऊ.

आईला फोन लावला. लागला! आई म्हणाली, कोन बोलते वं बाई? मी म्हटलं, मी, दीप्ती. ती म्हणाली, कोन दीप्ती? मी तिला सगळं सांगितलं, पेटी, वही, तिची सही कोणी शिकवली. ती ऐकत होती. मग म्हणाली, सही मले गटातल्या कोण्या पोरीनं शिकवली, नाव नाही येत बाई ध्यानात. आम्हाले लेकरूच नाही वं.

रडत होते मी. तिला ऐकू येत होतं. म्हणाली, रडू नको, बाई. तुही माय वाट पाहत असन. तिले फोन लाव.

ठेवला तिने. हळूच ठेवला.

१९ मार्च

अजून एक करता येईल. सभा म्हणजे काय — दोन माणसं, एक विषय, आणि लिहिणारं कोणी. काकांना खोलीत बसवलंय. गटासारखं करायचं. नावासकट. प्रत्येक ओळ वाचून दाखवत.

सभा. स्थळ, जिन्याजवळची खोली. विषय, उपस्थितीची नोंद.

उपस्थित —

१. श्रीरंग. पुकारलं. बघत राहिले. पुन्हा पुकारलं. पुन्हा. म्हणाले, हजर! स्पष्ट म्हणाले! लिहिलं. वाचून दाखवलं. ते हसले —

खालून भैयाची हाक आली. बाबूजी, चाय ठंडी हो रही है! बाबूजी म्हणाला. त्याने हाक मारली. होतं हे. होतं —

२. माझं मी लिहून चालणार नाही, ते कळलंय. दुसऱ्याने म्हणायचं, मग लिहायचं. काकांना विचारलं, अजून कोण आहे या खोलीत. नीट बघून सांगा. चहाला नंतर जा. आधी सांगा.

काका बघताहेत. चष्मा पुसला. दार. खिडकी. टेबल — पेन चाललंय तिकडे बघून दचकले — मी हात वर केलाय — काका, इकडे — आता बरोबर माझ्या तोंडासमोर — म्हणताहेत की इथे तर